रिकाम्या पारड्याचं वजन

चौतीस वर्षं मी लोकांचे काटे तपासले. मिरज, जत, कवठेमहांकाळ एवढ्या टापूत असा भाजीवाला नव्हता, ज्याने माझी स्कूटर दिसताच तराजूखालचं चुंबक काढून खिशात घातलं नाही. वजनमापे निरीक्षक होतो मी. निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी पितळी वजनांचा संच भेट दिला. त्यातलं पन्नास ग्रॅमचं वजन दोन ग्रॅमने कमी भरलं. मी काही बोललो नाही, समारंभ होता.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते सवयीने केलं, बावळटपणाने नव्हे. चारुशीलाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, याबाबत वेगळं मत आहे.

दिवाळीनंतर माझा उजवा गुडघा बदलला. घरी सोडताना दवाखान्याने एक पेटी बरोबर दिली. जेवणाच्या डब्याएवढी, पांढरी. वर छोटा पडदा, खाली गोळी पडायला खळगा, आणि बाजूला एक लाल कप्पा, जो उघडत नव्हता. मी प्रयत्न करून पाहिला होता. पेटी समजावून द्यायला मुजावर सिस्टर आल्या. त्या आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात, आणि पेशंटशी जरा चढ्या आवाजातच बोलतात, म्हणजे नंतर कुणी ऐकलं नाही म्हणायला नको.

"काका, ही पट्टी मानेवर लावायची, केसांच्या खाली. ती तुमचं दुखणं मोजणार. आकडा चाळीसच्या वर गेला, मागच्या गोळीला सहा तास झाले असले आणि श्वास नीट चालला असला, तरच गोळी पडणार. तुम्ही मागितली म्हणून पडायची नाही."

"आणि मला दुखत असलं तर?"

"दुखत असलं तर आकडा वर जाईल की."

आता तरुण वाचकांना यात नवल वाटणार नाही, पण माझ्या उमेदीत दुखणं मोजायचं साधनच नव्हतं. ताप मोजता यायचा, रक्तदाब मोजता यायचा. दुखण्याचं मात्र डॉक्टर विचारायचे, शून्य ते दहात किती? पेशंट छताकडे बघून सात म्हणायचा. ज्या धंद्यात गिऱ्हाईकच माप सांगतं, त्या धंद्याबद्दल माझं मत काय असणार?

या पट्टीने ते संपवलं. दुखऱ्या गुडघ्यातून मेंदूकडे निरोप जातो, हे शाळेत शिकवतात. पण मेंदू तो निरोप ऐकेलच असं नाही, आणि ऐकला तर तिखटमीठ लावणार नाही असंही नाही. म्हणून पट्टी निरोपाच्या मागे लागत नाही. तो पोचल्यावर शरीर जी धावपळ करतं, ती मोजते. नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर, घामातली रसायनं, मानेच्या स्नायूंचा ताण, मेंदूतल्या लहरी. सगळ्याचा हिशेब करून शून्य ते शंभरातला एक आकडा पडद्यावर येतो. त्याच्या एककाला 'कळ' म्हणतात. हे नाव ठरवायला समितीला तीन वर्षं लागली, आणि त्यातली दोन वर्षं अध्यक्षांचं पाठीचं दुखणं चालू होतं असं ऐकतो.

"गोळी अफूच्या जातीची आहे," सिस्टर पुढे म्हणाल्या. "गुडघ्याला ती काही करत नाही. मेंदूत जिथं दुखणं पोचतं तिथं जाऊन बसते. पण तशाच जागा श्वास चालवणाऱ्या भागातपण असतात. जास्त झाली, नाहीतर झोपेच्या गोळीबरोबर, दारूबरोबर घेतली, तर श्वास हळू पडतो. आणि माणूस झोपलेला असतो, त्यामुळं त्याला कळतच नाही. म्हणून तुमची गोळी फक्त तुमची. पडलेली गोळी घेतली नाही, तर परत खळग्यात टाका, पेटी ओढून घेईल. घरात ठेवायची नाही, कुणाला द्यायची नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी दारात उभ्या असलेल्या कुडचे अण्णांकडे बघून म्हटलं. अण्णा आमचे शेजारी, कमरेच्या दुखण्याने कायम हैराण. आमच्या कट्ट्यावर गोळ्यांची देवघेव लोणच्यासारखी चालते. मला लागू पडली, तुम्हीपण घेऊन बघा. माझ्या पित्ताच्या गोळीवर अण्णांच्या घरातली तीन माणसं राहिली आहेत.

"मी नुसता बघायला आलोय," अण्णा म्हणाले. "साहेबांना."

"बघून झालं असलं तर चला," सिस्टर म्हणाल्या. "आणि काका, पहिले तीन दिवस पेटी तुमचं अंग शिकत असते. त्यानंतर ती दुसऱ्या कुणाला ओळख दाखवत नाही. तोवर पट्टी काढायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीने मला नापास केलं.

गुडघा ठणकत होता. सहा तास होऊन गेले होते. पडद्यावर आलं: एकतीस कळ, गोळी नको.

"बघ," मी चारुशीलाला म्हटलं. "काटा मारतंय."

ती ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होती. "एकतीस म्हणतंय ना, मग एकतीस असेल. एकतीसवर कढीपत्ता आणता येतो. खालच्या झाडाचा आणा."

पेटी घरात येऊन चोवीस तास झाले नव्हते, आणि माझ्या दुखण्याचा दर ठरला होता. पन्नासच्या वर चहा हातात मिळायचा, चाळीसला टेबलावर, पस्तीसच्या खाली कप विसळायचा. मी कुबडी घेऊन कढीपत्ता आणला. वर आलो तरी आकडा चौतीस. हा अन्याय होता. अन्याय कळांत मोजता येत नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं.

तेव्हा माझ्यातला निरीक्षक जागा झाला.

काटा तपासायची पहिली पायरी म्हणजे रिकामं पारडं. त्यावर काही नसताना शून्य दाखवलं, तर पुढे जायचं. नाही दाखवलं, तर वजनं पिशवीतून काढायचीसुद्धा नाहीत. आता दुखण्याचं रिकामं पारडं कुठून आणायचं? फार शोधावं लागलं नाही. माझ्यासमोर उभं होतं.

चारुशीलाला दुखणं ठाऊक नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात ती साधं कण्हल्याचीही आठवण नाही. सव्वीस वर्षांपूर्वी पंखा पुसताना स्टुलावरून पडली होती. पंख्याचं पातं वाकलं म्हणून माझ्या लक्षात आहे. तेव्हाही "काही नाही झालं" म्हणून उठली. झोप लागत नाही म्हणून अधूनमधून झोपेची गोळी घेते, एवढंच काय ते औषध. बाकी उद्योगी इतकी, की बसत म्हणून नाही. जेवते ते ओट्याशी उभ्याने. सिनेमाला चल म्हटलं तर म्हणते, तीन तास बसून काय करायचं. नातेवाइकांत मी अभिमानाने सांगतो, आमची ही कधी बसली नाही.

"जरा खुर्चीवर बस," मी म्हटलं. "दोन मिनिटं."

"मेथी राहिलीय."

"शून्याची पडताळणी करायचीय. सरकारी काम समज."

ती बसली. मी माझ्या मानेवरची पट्टी काढून तिच्या मानेला लावली.

अठ्ठ्याहत्तर कळ.

मी पडदा बोटाने पुसून पुन्हा बघितला. मग ती हसली. "बिघडलंय हो तुमचं यंत्र."

"एका वाचनावर ठरवत नाहीत," मी म्हटलं. "उभी राहा."

उभी राहिली. आकडा हळूहळू उतरून सेहेचाळीसवर थांबला. पुन्हा बसवली. एक्याऐंशी. पुन्हा उठवली, पुन्हा सेहेचाळीसच्या आसपास. मी वहीत तक्ता केला. निष्कर्ष उघड होता. ज्या काट्याचं वजन माल उभा आहे की बसलेला यावर बदलतं, तो काटा बाद. कवठेमहांकाळच्या बाजारात असा काटा सापडला असता, तर जागेवर पंचनामा केला असता. तसा केलाच. म्हणजे तक्त्याखाली सही करून तारीख घातली.

एवढ्यात खट् असा आवाज झाला आणि खळग्यात गोळी पडली.

आता ही गोळी कुणाची? मला दुखत होतं, पण मला ती नाकारलेली. चारुशीलाला मिळाली, पण तिला दुखत नव्हतं. खळग्यात परत टाकायची, असं सिस्टरनी सांगितलं होतं. पण मग पुरावा कुठे राहिला? चुकीच्या काट्यावर निघालेला माल म्हणजे मुद्देमाल. मी ती गोळी पाकिटात घातली, पाकिटावर लाखेचा शिक्का मारला (लाख आणि शिक्का अजून घरात आहेत, सवय) आणि कपाटात ठेवलं. पट्टी पुन्हा माझ्या मानेवर लावली. चारुशीला ओट्याशी गेली. मेथी निवडताना एकदा थांबली आणि मागे वळून तिने पेटीकडे बघितलं. मी विचारलं, "बरी आहेस ना?"

"हो," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी आंघोळ करून बाहेर आलो. गुडघ्यावर प्लास्टिक बांधून आंघोळ करायला पाऊण तास लागतो. येऊन पाहतो, तर माझ्या आरामखुर्चीत चारुशीला बसली होती.

मला बरं वाटलं. खरं सांगतो, पहिल्यांदा बरंच वाटलं. मान एका बाजूला कललेली, हात मांडीवर. बसल्या बसल्या डोळा लागलेला. सकाळपासून ती जरा पेंगुळलेली होती. रात्री झोप आली नाही म्हणून पहाटे झोपेची गोळी घेतली, असं म्हणाली होती. आवाज होऊ नये म्हणून मी कुबडी उचलून टेकवत पलीकडे निघालो, आणि चालता चालता डोक्यात आलं, ही बसलीय कशी?

मग टीपॉयवरचं पाकीट दिसलं. लाख फोडलेली होती.

"चारू," मी म्हटलं. "अगं चारू." खांदा हलवला. तिने डोळे किलकिले केले आणि परत मिटले. ओठ जरा निळसर वाटले, की उजेड तसा होता, मला ठरवता येईना. माझ्या मानेवरची पट्टी ओरबाडून तिला लावली.

नऊ कळ. श्वास मिनिटाला सहा.

मी घड्याळ बघत तिच्या छातीवर नजर ठेवली. मिनिटभर श्वास मोजले. एक. बराच वेळ काही नाही. दोन. माझ्या मोजणीतही सहाच भरले.

श्वासाचं माप बरोबर होतं, म्हणजे काटा बरोबर होता. आणि काटा बरोबर असला, तर कालचा तक्ताही बरोबर.

पुढचा विचार करायला सवड मिळाली नाही. पेटी ठणाणा वाजायला लागली होती आणि तो कधी न उघडलेला लाल कप्पा आपोआप उघडला. आत नाकात मारायचा फवारा होता. पेटी बोलायला लागली, स्वच्छ मराठीत, बातम्या देणाऱ्या बाईसारखी. पेशंटला उताणं झोपवा. मान मागे करा. एका नाकपुडीत फवारा मारा. गुडघा बदललेल्या माणसाने बायकोला खुर्चीतून जमिनीवर कसं घ्यायचं, ते पेटीला ठाऊक नव्हतं. मी ओरडलो, "अण्णा!" कुडचे अण्णा दारातच होते. ते रोज त्या वेळेला मला नुसते बघायला येतात.

दोघांनी मिळून चारुशीलाला खाली घेतलं. फवारा मारला. मी पुन्हा मिनिटाचे श्वास मोजायला लागलो. सात. नऊ. मुजावर सिस्टर चपला न काढता आत आल्या तेव्हा अकरावर होतो.

"मी निघालेच होते तुमच्याकडं," तिची नाडी धरत त्या म्हणाल्या. "पेटीनं पाठवलेलं कालचं वाचन आज बघितलं. अठ्ठ्याहत्तर, सेहेचाळीस, एक्याऐंशी. म्हटलं, काकांचा गुडघा बदललाय का माणूस बदललाय? पट्टी काढायची नाही म्हणून सांगितलं होतं की नाही? काकी, डोळे उघडा. आणि कपाटात गोळी ठेवली तुम्ही? पाकिटात? शिक्का मारून?"

"मुद्देमाल म्हणून," मी म्हटलं.

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. त्या नेहमी मोठ्याने बोलतात. तेव्हा अण्णांना हळूच म्हणाल्या, गाडी बोलवा.

फवाऱ्याचा असर गोळीच्या आधी उतरतो, म्हणून तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. दुपारी ती नीट शुद्धीवर आली. मी पलंगाशेजारी होतो. मला वाटलं होतं, ती मला काहीतरी बोलेल, किंवा मी तिला. तिने विचारलं, "किती झाला होता आकडा?"

"नऊ."

"गोळीच्या आधी?"

"ते तू मोजलं नाहीस. पण काल बसल्यावर अठ्ठ्याहत्तर."

"म्हणजे उतरला." ती म्हणाली. "म्हणजे यंत्र बरोबर आहे."

"बरोबर आहे."

"म्हणजे मला दुखतं."

हे तिने तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. हरवलेली पावती सापडावी तसं म्हटलं. मग सांगितलं, काल तो आकडा दिसल्यापासून तिला चैन नव्हतं. इतकी वर्षं काही नाही, काही नाही म्हणता म्हणता तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. सगळ्यांनाच बसताना असं होत असेल, लोक बोलत नसतील, असं ती धरून चालली होती. म्हणून तिने पडताळणी करायची ठरवली. गोळी घ्यायची आणि खुर्चीत बसून बघायचं. यंत्र खोटं असेल तर काही फरक पडणार नाही. पहाटेची झोपेची गोळी तिच्या लक्षात राहिली नाही.

"अशी तपासणी कोण करतं?" मी म्हटलं.

"तुम्ही," ती म्हणाली.

मग म्हणाली, "बसले, आणि काहीच झालं नाही. मला वाटलं, घरातून कुणीतरी उठून गेलं. बरीच वर्षं येऊन राहिलेलं. चांगलं वाटलं हो. मग पुढचं आठवत नाही."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारायचात, बरी आहेस ना? त्याला हो सोडून दुसरं उत्तर असतं का?"

मी विचार केला. अजून करतो आहे.

फोटो काढले तेव्हा निघालं ते असं. माकडहाड मोडून वाकडंच सांधलेलं, आणि शेजारची नस त्यात दाबलेली. जुनं आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वीस-पंचवीस वर्षांचं, कधी पडल्या होत्या का? मी पंख्याचं पातं कसं वाकलं ते सांगितलं. मग त्यांनी मला बाजूला घेतलं. "ही गोळी त्या दुखण्याची नव्हतीच. नसेच्या दुखण्याला वेगळं औषध असतं. आकडा नऊवर आला तो दुखणं गेलं म्हणून नाही. तुमच्या मिसेसच जायला निघाल्या होत्या, म्हणून आला."

तिला नसेचं औषध सुरू झालं, एक इंजेक्शन झालं, मधे खळगा असलेली उशी मिळाली आणि स्वतःची पट्टी, पडद्याच्या पेटीसकट. दोन महिन्यांत तिचा बसतानाचा आकडा तीसच्या आसपास आला. माझी पेटी तोवर परत गेली होती, उरलेल्या गोळ्या पोटात घेऊन. कुडचे अण्णांनी शेवटपर्यंत आशा सोडली नव्हती. "एखादी बाहेर राहिली असली तर," ते म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, तुमची कंबर डॉक्टरांना दाखवा." तेव्हापासून आमची पित्ताची देवघेवही बंद आहे.

आता जे झालं ते बरंच झालं. पण माझा गोंधळ तेव्हा सुरू झाला.

मी ज्या बाईबरोबर संसार केला, त्यातली सव्वीस वर्षं ती अठ्ठ्याहत्तर कळांची होती. ही तीस कळांची मला नीट माहीत नाही. ती बसते. पेपर घेऊन तासभर बसते आणि संपादकांच्या चुका काढते. सिनेमाला आली, तीन तास बसली आणि येताना म्हणाली, वाईट होता, पुढच्या शुक्रवारी दुसरा बघू. तिला सिनेमा आवडत नाही असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तिला चहात आलं आवडत नाही, हे मला परवा कळलं. ते मात्र दुखण्यामुळे नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. माझे विनोद तिला आवडत नाहीत ते दुखण्यामुळे असणार, अशी माझी एक आशा होती. आकडा तीसवर आला तरी आवडले नाहीत.

पूर्वी ती पाहुण्यांसमोर गप्प असायची, तो स्वभाव होता की दुखणं? माझं ऐकून घ्यायची, ते प्रेम होतं की वाद घालायला ताकद नव्हती? एकदा धीर करून विचारलं. ती म्हणाली, "मलाही नीट सांगता येणार नाही. थोडं थोडं दोन्ही असेल." हे काही माप झालं का?

पहिल्यांदा ती माझ्यासमोर टेबलाशी जेवायला बसली, तेव्हा मला काय बोलावं ते कळेना. इतकी वर्षं मी तिच्या पाठीशी बोलत जेवलो होतो. पाठीशी बोलणं सोपं असतं. मी म्हटलं, भाजी चांगली झालीय. ती म्हणाली, "तोंडात घालून मग सांगा."

मागच्या आठवड्यात तिची पट्टीही काढली. औषधाची मात्रा बसली आहे, आता रोज मोजायची गरज नाही, असं सिस्टर म्हणाल्या. पेटी उचलून घेऊन गेल्या. टेबलावर पांढरा डबा होता तिथे आता काही नाही.

संध्याकाळी ती उशी ठेवून खुर्चीत बसली. मी सवयीने पडद्याकडे बघायला गेलो आणि मग तिला विचारलं, "किती?"

"तुम्ही सांगा."

"मी कसं सांगणार? यंत्र गेलं."

"चौतीस वर्षं हेच केलंत ना? बघा आणि सांगा."

मी चष्मा लावून बघितलं. खुर्चीत टेकताना तिने डावा हात आधी ठेवला होता. खांदे जरा वर होते. बसल्यावर एक श्वास अर्ध्यावर थांबला आणि मग सुटला. हे सगळं पूर्वीही असंच दिसत असणार. ओट्याशीसुद्धा दिसत असणार.

"चाळीस?" मी म्हटलं.

"बत्तीस."

"कशावरून?"

"माझं मला माहीत."

तेव्हापासून रोज विचारतो, आणि रोज आधी बघून अंदाज सांगतो. सात-आठ कळांचा फरक पडतोच, कधी इकडे, कधी तिकडे. ती दुरुस्ती करते आणि मी वहीत लिहून ठेवतो. सुधारणा फारशी नाही. नोकरीत असतो, तर माझ्यासारखा काटा मी जागच्या जागी सील करून बाद केला असता.